मागची सीट

३ मे, शनिवार

आज नांदगावच्या स्टँडवर आईला एसटीत चढवत होते, तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, चढता का क्रेन बोलावू?" बसमधली माणसं हसली. त्यांना हसायला फार लागत नाही. आई दांडा धरून, तोंडातून आवाज न काढता, एकेक पाय वर घेत चढली. मी मागे तिची पिशवी धरून उभी होते आणि कंडक्टरला सुनवायला एक वाक्य जुळवत होते. ते मूर्तिजापूर आल्यावर जुळलं. तोवर कंडक्टरला डुलकी लागली होती.

अकोल्याला डॉक्टरांनी ऑपरेशन केलेला गुडघा वाकवून पाहिला. छान बसला आहे म्हणाले. पण आता जमिनीवर बसणं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही. लांबच्या प्रवासात पाय सरळ ठेवायचा.

आईने विचारलं, "मंग हार कसा करू, डाक्टरसाहेब?"

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "करायचाच नाही."

एका वाक्यात विषय संपला. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर माझ्यावर यायला नको. आई नांदगावला देवळाच्या वाटेवर हार विकते. तिची सासूही तिथेच बसायची. खाली गोणपाट, एक पाय दुमडलेला, दुसरा लांब केलेला, आणि लांब केलेल्या पायाच्या अंगठ्यात दोरा. दोरा अंगठ्यात ताणल्याशिवाय म्हणे गाठ बसत नाही. मार्चमध्ये दादाने तिथे प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली होती. आई थोडा वेळ बसली आणि उठून घरी आली. "सगळ्या बाया खाली, मीच वरतं. सरपंचीण हाय का मी? अन् देवाच्या हाराच्या वरतं बुड ठेवून बसू?" शिवाय खुर्चीवरून अंगठा हाताच्या टप्प्यात येत नाही.

त्या रांगेचा एक कायदाही आहे. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी जी बाई जिथे बसेल, ती जागा वर्षभर तिची. कुठे लिहिलेला नाही, म्हणून कुणी मोडत नाही. आईची जागा सध्या शेजारची पार्बताबाई स्वतःचं गोणपाट पसरून 'राखते' आहे. राखते म्हणजे काय, ते मला कळतं.

असो. श्रावण लागेल तेव्हा आई माझ्याकडे अमरावतीला असेल. लिफ्ट आहे, कमोड आहे, टीव्ही आहे. एक आरामशीर गाडी तेवढी हवी. नवी परवडत नाही. जुनीच, पण नीट पारखून. पारखणं मला जमतं. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी एकटी आहे आणि कॉलेजात फिजिक्स शिकवते.

७ मे, बुधवार

प्रवेशाच्या कामासाठी सगळे स्टाफरूममध्ये होते. चुकून बोलले की गाडी पाहते आहे. मराठीचे सर म्हणाले, लाल घेऊ नका. गणिताचे सर म्हणाले, आईसाठीच ना, मग कुठलीही चालेल. हा माणूस मुलांना तर्कशास्त्राचा धडा शिकवतो. केमिस्ट्रीच्या हर्षा मॅडम म्हणाल्या, "आमच्या ह्यांना विचारते." आमच्याकडे बाईने गाडीविषयी प्रश्न केला की उत्तर दुसऱ्या बाईच्या ह्यांच्याकडून येतं.

हर्षा मॅडम बाकी चांगल्या आहेत. त्यांना मी आमच्या फुलशेतीबद्दल सांगितलं आहे. अर्धा एकर आहे, झेंडू आणि शेवंती. त्यात खोटं काही नाही.

११ मे, रविवार

बडनेरा रोडवर तीन गाड्या पाहिल्या. तिन्ही डॉक्टरांच्या. विकणाऱ्यांचं ऐकलं तर वऱ्हाडात डॉक्टरांशिवाय कुणी कधी गाडी घेतलेली नाही, आणि डॉक्टरांनी ती घर ते दवाखाना एवढीच चालवली. एका डॉक्टरच्या डिकीत तुरीचे दाणे निघाले. दाखवले तर विकणारा म्हणाला, "पेशंटनं दिले असतीन मॅडम."

बरोबर दादा होता. शेखरदादा मालवाहू ऑटो चालवतो, म्हणून स्वतःला इंजिनियर समजतो. बॉनेटवर कान ठेवून डोळे मिटतो, पोटातल्या बाळाचं ऐकावं तसं. मी टेपने सीटची उंची मोजत होते तर म्हणाला, "ब्लाऊज शिवून राहिली का गाडीले?" विकणारा मांडीवर हात मारून हसला. मी समजावून सांगितलं की सीट उंच असली तर बसता-उठताना गुडघा कमी वाकतो. दादा म्हणाला, "हौ मॅडम." त्याने मॅडम म्हटलं की समजावं, पुढचं तो ऐकणार नाही.

त्याच्यात जिज्ञासाच नाही. मी अकरावीला अमरावतीला आले त्याच वर्षी त्याने शाळा सोडली आणि ऑटोवर बसला. अभ्यासात लक्षच नव्हतं त्याचं.

२४ मे, शनिवार

अकोला. पुन्हा तपासणी, मग जठारपेठेत ओमप्रकाशजींचं जुन्या गाड्यांचं दुकान. ऊन असं की गाडीच्या टपावर पोळी भाजावी. ओमप्रकाशजी पंख्यासमोर बसून माणसाची चप्पल पाहतात आणि मग भाव सांगतात. माझी पाहिली, आईची पाहिली, आणि सगळ्यात मागे उभी असलेली गाडी दाखवायला लागले.

मी आधीच ठरवून आले होते: उंच, छोटी, समोर बसायला सोपी. ती होती त्यांच्याकडे. आईला म्हटलं, बसून बघ. आईने दाराशी चप्पल काढून ठेवली.

"आजी, चप्पल घालूनच बसा. गाडी आहे, देऊळ नाही."

"माहीत हाय मले," आई म्हणाली आणि अनवाणीच चढली. तापलेल्या फरशीवर. पण समोर नाही, मागे. पलीकडच्या दाराला पाठ टेकवली, ऑपरेशनचा पाय सीटवर लांब केला आणि उघड्या दारातून अंगठा बाहेर काढून हलवत बसली. मग दोन्ही हात हवेत असे ओढले, काहीतरी मोजत असल्यासारखे. म्हणाली, "नाई. अंगठा कुठच्या कुठी चालला. अन् मधात उंचवटा हाय."

ओमप्रकाशजी म्हणाले, "आजी, गाडीत बसायचं आहे का झोपायचं?"

दादा म्हणाला, "पसरू द्या ना पाय तिले. तुमचे पैसे लागून राह्यले का?"

ओमप्रकाशजींचा राग आलाच, पण खरं लिहायचं तर आईचा जास्त आला. चार माणसांत अंगठे हलवायचे म्हणजे काय! निघताना चप्पल तिथेच राहिली. अर्ध्या रस्त्यातून दादा परत जाऊन घेऊन आला. तो आणि आई त्यावर मूर्तिजापूरपर्यंत हसत होते. बह्याड लोक, खुळे नुसते.

२५ मे, रविवार

विचार केला. डॉक्टर म्हणाले होते, प्रवासात पाय सरळ. मागची सीट लांब आणि सपाट असेल तर पाय सरळ राहतो. म्हणजे उंच छोटी गाडी नको, लांब डिकीवाली हवी. हे आधीच सुचायला हवं होतं. आईला फोन करून माझा निष्कर्ष सांगितला. ती म्हणाली, "तू शिकेल हायस, तुले समजते."

८ जून, रविवार

अकोल्यातच एका निवृत्त इंजिनियरांची राखाडी गाडी पाहिली. दारात तुळस, अंगणात गाडीवर शिवलेली खोळ, खोळीवर आणखी एक चादर. ज्यांच्या घरी वस्तू माणसांपेक्षा जास्त झाकून ठेवतात, ती माणसं मला आवडत नाहीत. पण गाडी त्यांच्याकडूनच घ्यावी.

साहेबांनी विचारलं, "आपलं काय असतं?"

मी म्हटलं, "फुलशेती." त्याच क्षणी दादा म्हणाला, "हार विकते माय."

साहेब 'असं का' म्हणाले. त्यांच्या बाई आत गेल्या आणि एक जुनी चादर घेऊन आल्या. आई बसण्याआधी ती त्यांनी मागच्या सीटवर अंथरली, कोपरे नीट दाबून. हसत म्हणाल्या, "गैरसमज नको हं. फुलांचा चीक कपड्याला लागलेला असतो ना, जात नाही तो."

आईच्या अंगावर धुतलेलं पातळ होतं. मार्चपासून तिने फूल हातात धरलेलं नाही. अशा बायकांना जगात कुणी एकदा तरी ओट्यावरून खाली उतरवलं पाहिजे. आई शांतपणे त्या चादरीवर बसली, पाय लांब केला, अंगठा हलवला, हात ओढले, आणि म्हणाली, "जमते." मग दरवाजावरच्या तोरणाकडे पाहून बाईंना म्हणाली, "तुमाले झेंडू कोण देते वं बाई? तीन दिवसांचा हाय. पाणी मारून देते तो तुमाले."

बाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं. दादा बाहेर जाऊन खोकला.

इंजिन, टायर, ब्रेक, कागद, सगळं तपासलं. एक ओरखडासुद्धा नाही. घ्यायचं ठरलं.

१५ जून, रविवार

गाडी घरी आली. अकोल्याहून येताना दादाने चालवली, आई मागे, मी पुढे. मागे सारखी कसली तरी खसफस चालली होती. वळून पाहिलं तर आईने पदर पांघरला होता. थंडी वाजते म्हणाली. जूनमध्ये.

नांदगावला दारात सीमावहिनीने ओवाळलं आणि बॉनेटवर मोठा शेवंतीचा हार घातला. मी विचारलं, हा कुणी केला? वहिनी आईकडे पाहून हसली. कुणी का केला असेना, ओला होता, बॉनेटवर पाण्याचे डाग पडले. ते पुसले. मागच्या सीटवर जाड टॉवेल अंथरले आणि कोपरे दाबून बसवले. आईला मऊ लागावं म्हणून. डागांचंही आहेच.

गाडीला फुलांचा वास लागला आहे. काचा उघड्या ठेवूनही जात नाही.

२९ जून, रविवार

आई माझ्याकडे येऊन दोन आठवडे होत आले. फ्लॅटमध्ये सगळी सोय आहे. जेवण टेबलावर, पाय स्टुलावर. तरी सारखं एकच, करमत नाही म्हणून: "मले गमत नाई इथी."

"टीव्ही लाव ना."

"टीव्हीले गमत असन. मले नाई गमत."

एक गोष्ट मात्र समाधानाची. वॉचमन देवमन सांगत होता की मी स्कूटीवर कॉलेजला गेले की आई किल्ली घेऊन खाली उतरते आणि पार्किंगमध्ये आपल्या गाडीत जाऊन बसते. मागे, दार उघडं टाकून, पाय पसरून. पार माझी यायची वेळ होईपर्यंत. म्हणजे गाडी तिला खरंच आवडली! इतक्या दिवसांच्या शोधाचं सार्थक झालं. दुसऱ्या कुणी ही सीट निवडली असती का?

सोसायटीचे सेक्रेटरी आज वर आले होते. कुंपणाच्या तगरीला रोज दुपारी कुणीतरी ओरबाडतं आणि तळमजल्यावरच्या गणपतीला रोज नवा हार दिसतो, याचा अर्थ काय, असं मला विचारत होते. निवृत्त माणसांना काम नसतं. मी सांगितलं, आमच्याकडे कुणी फुलं तोडत नाही. आमच्याकडे शिकलेली माणसं राहतात.

१३ जुलै, रविवार

आई गेली. भांडली नाही, रडली नाही. सकाळी पिशवी घेऊन लिफ्टजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली ती बसलीच. शेजारचे येता-जाता विचारत होते, आजी, कुठे निघालात? मला खाली मान घालावी लागली. शेवटी दादाला बोलावलं. तो गाडी घेऊन गेला, आईसकट. पंधरा दिवसांनी परत आणून सोडायचं कबूल केलं आहे. त्याच्या कबुलीवर माझा फारसा विश्वास नाही.

२३ जुलै, बुधवार

दादाचा फोन. आजपर्यंत त्याने कधी माझी चौकशी केली नाही, आज जेवलीस का वगैरे. मग हळूच: "सोमवारी इकडे येऊ नको बरं. श्रावणाची लय गर्दी असते." आणि मग: "गाडीले छत्री बांधली त चालते का? मंजे, पत्र्याले काई होत नाई ना?"

समजायचं ते समजले. हा माझ्या गाडीत भाविकांची ने-आण करणार आहे. आईच्या आरामासाठी घेतलेल्या गाडीत एकेका सीटवर सहा कोंबणार, वरून छत्री. बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरी किल्ली पर्समध्ये टाकली आहे. सोमवारी कॉलेज अर्धा दिवस आहे. हर्षा मॅडमनाही दर्शनाला जायचंच आहे. त्यांच्या गाडीतून जाईन आणि माझ्या गाडीतून येईन.

२८ जुलै, सोमवार

अजून पर्स खांद्यावरून उतरवलेली नाही. तरी क्रमाने लिहिते.

देवळाच्या वाटेवर रांग सुरू होते तिथेच गाडी दिसली. दादा आत नव्हता, भाविकही नव्हते. मागचं दार वाटेच्या बाजूला सताड उघडं, दाराला मोठी काळी छत्री बांधलेली. आत आई. पलीकडच्या दाराला उशी, उशीला पाठ, पाय सीटवर सरळ, अंगठ्यात दोरा. पुढच्या सीटच्या पाठीवर हार लटकलेले. माझ्या टॉवेलांवर बेलाचा ढीग, शेवंती, कण्हेर, सगळं चिंब. पायाशी पाण्याची बादली. पार्बताबाई बाजूला सरकून खाली बसली होती आणि आईला फुलं वर देत होती. गिऱ्हाइकांची झुंबड. हात असे चालले होते की दिसत नव्हते.

मी पर्समधली किल्ली घट्ट धरली. वाक्य तयार होतं, या वेळी वेळेवर. तेवढ्यात हर्षा मॅडम म्हणाल्या, "अय्या, गाडीत दुकान! बघा तरी, गीतांजली मॅडम."

आईने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग हर्षा मॅडमच्या साडीकडे, मग परत माझ्याकडे. मग दोऱ्याला गाठ मारत म्हणाली, "या बाई. हार घ्या. बेल वरतून देतो."

हर्षा मॅडमनी विचारलं, "गाडी कुणाची हो मावशी?"

"मालकिणीची."

"ती काही म्हणत नाही?"

"म्हणते ना. लय म्हणते. पण चांगल्या घरची हाय."

रांगेतल्या बायका खाली तोंड करून फुलं निवडायला लागल्या. पार्बताबाईचे खांदे हलत होते. हर्षा मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पाहिलंत? आपण हप्ते भरतो आणि यांच्याकडे गाड्या. सीटची काय अवस्था केली आहे! यांना वस्तूची किंमतच नसते."

मी हसले. अगदी थोडं.

हार घेतला, पैसे दिले. आईने सुटे माझ्या हातात वरून टाकले, बोट लागू न देता. हात ओला होता म्हणून असेल. "पुढच्या सोमवारी या बाई," म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दर्शन घेतलं. हर्षा मॅडमच्या गाडीतूनच परत आले. मागच्या सीटवर बसले, त्यांचे हे पुढे होते.

दादाने, वहिनीने, आईने, पार्बताबाईने मिळून मला मूर्ख बनवलं. वर्षभर जागा पक्की झाली असणार. चाकं आईच्या जागेत आहेत की नाहीत यावर वाद झालाच असेल, आणि कुणीतरी अडाणी कायदा काढून तो मिटवलाही असेल. गाडी मी घेऊन येणार, हे निश्चित. सीटचं कापड बदलावं लागेल. वास तर जन्मात जाणार नाही. आईने निदान ओळख दाखवली नाही, एवढा शहाणपणा केला.

पाय मात्र सरळ होता. डॉक्टरांनी सांगितला तसा.

३० जुलै, बुधवार

आईचा फोन.

"तुह्या मॅडमले हार पसंत पडला का?"

"पडला."

"म्या काई बोलली नाई ना?"

"नाही."

"तू गिऱ्हाईकावानी उभी व्हती, म्हून म्या बी तसंच केलं. बरं केलं ना?"

मी म्हटलं, "हो."

"गाडी नेतो म्हणशीन त घेऊन जाय. तुही हाय. जागेचं काय, या वर्षापुरती त झाली. पुढच्या वर्षी पाय कसा राहते कोणाले माहीत. जेवली का?"

जेवले म्हणून सांगितलं. जेवले नव्हते. दोन दिवस पोट बरं नाही; बाहेरचं पाणी प्यायले असेन.

४ ऑगस्ट, सोमवार

गाडी आणायला गेले. रजेच्या अर्जात 'घरगुती काम' लिहिलं, ते खरंच आहे. एसटीने गेले. स्टँडवर उतरल्यावर स्कार्फ घट्ट बांधला, फक्त डोळे उघडे. आमच्याकडे सगळ्याच मुली बांधतात, ऊन असो नसो; कुणाला नवल वाटत नाही. त्या गर्दीत कॉलेजातलं कोण निघेल सांगता येत नाही.

आईने मला लांबूनच ओळखलं. कशावरून, ती जाणे. म्हणाली, "आली का? पुढं बस. पाऊस येते."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि काच वर केली. किल्ली लावायचं मनात होतं, पण उघड्या दाराने आणि बाहेर आलेल्या अंगठ्याने गाडी कशी हलवायची? गर्दी ओसरू दे म्हटलं. ती ओसरेना. मागून एकसारखं चाललं होतं: मावशी मोठा द्या, मावशी बेल कमी घातला, मावशी मघाशी त लहानच म्हटला होता. बेल फुकट मिळाला तरी माणसं मापात घेत नाहीत. एका माणसाने देवासाठी चार हार चाळले, चारही वास घेऊन परत टाकले, आणि सगळ्यात लहान घेतला. असल्या लोकांना ती इतकी वर्षं 'घ्या भाऊ' म्हणत आली आहे.

पार्बताबाई चहाला उठली होती. आईने सीटच्या मधल्या फटीतून दोरा पुढे केला.

"हे धर जरा. मले पुरत नाई."

"मला येत नाही आता."

"धर म्हणतो ना. शाळेतले पोट्टे नाई वाट पाहून राह्यले, गिऱ्हाईक हाय."

धरला. अंगठा नव्हता मोकळा, बूट होते. म्हणून स्टिअरिंगला अडकवला. गाठी सैल पडत होत्या. दोन शेवंत्या, एक कण्हेर, गाठ. बोटांना आधी कळलं, मला मागाहून.

एक म्हातारी दारात वाकून माझ्याकडे पाहत होती. आईला म्हणाली, "कोण वं ही, मैना? तोंड काहून बांधून बसली?"

आईने मान वर केली नाही.

"कामाले ठेवली," म्हणाली. "नवीन हाय. हात बसला नाई अजून तिचा."

रांगेतल्या सगळ्या बाया मोठ्याने हसल्या, चहा घेऊन आलेली पार्बताबाई सगळ्यात मोठ्याने. त्यांच्यातल्या निम्म्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलं आहे. एकीने विचारलं, "रोजी काय देतं मग तिले?" आई म्हणाली, "रोजी कायची? गाडी देल्ली ना बसाले."

आत उकडत होतं. काच खाली केली. तरी उकडत होतं. हातातला हार पूर्ण झाला तेव्हा स्कार्फची गाठ सोडली आणि तो बाजूच्या सीटवर टाकला. वाटेने माणसं येत होती, जात होती, चिखलातून चपला ओढत, नारळ सांभाळत. मी प्रत्येकाकडे पाहिलं.

एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. एका बाईने माझ्या हातून हार घेतला, तोही माझ्याकडे न बघता, आणि म्हणाली, "सैल हाय हा. दुसरा दे."